दर गावामागे एक

खंडारे रोज सकाळी मशीन सुरू करायच्या आधी कपाटातून लाल दोऱ्यानं बांधलेली कार्डांची एक गड्डी काढत. दोरा सोडत, तो खिशात ठेवत, गड्डी टेबलावर दोनदा ठोकून सरळ करत आणि मशीनला लावत. पंचवीस कार्डं होती ती. त्यांचं उत्तर काय यायला पाहिजे ते खंडाऱ्यांना पाठ होतं. बरोबर आलं, तर मान हलवून म्हणत, "चला, ओळख पटली." नाही आलं, तर सगळं ऑफिस बसून राही. मग साहेब येऊन डोक्यावर उभे राहिले तरी खंडारे जागचे हलत नसत.

आता हे लिहायला बसलो खरा, पण हात जड होतो. इतकी वर्षं टाळलं. टाळण्याचाही कंटाळा येतो माणसाला, म्हणून लिहितो.

मी अमरावतीहून बदली होऊन अकोल्याला आलो तो काळ पन्नास-साठच्या मधला. सरकारी मोजदादीचं एक ऑफिस होतं, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे भाड्याच्या इमारतीत. गावोगावची माहिती आमच्याकडे येई. माणशी एक जाड कागदाचं कार्ड, त्यावर ठरलेल्या जागी भोकं पाडायची. ती कार्डं मशीनमध्ये घातली की मशीन भोकं वाचून मोजणी करी आणि प्रत्येक गावाची बेरीज कागदावर छापी. ते मशीन म्हणजे मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसानं वापरून टाकलेलं, आमच्या गळ्यात बांधलेलं धूड. सुटे भाग परदेशातून यायचे. अर्ज करावा, परवानगी यावी, तोवर दुसरं काही बिघडावं. मेकॅनिक मुंबईहून वर्षातून एकदा आला तर आला.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "हे मशीन इतकं खराब आहे, तर तुम्ही काम कसं करता?"

खंडाऱ्यांनी माझ्याकडे वर-खाली पाहिलं. काळे, सडपातळ, खादीचा शर्ट, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. म्हणाले, "मशीन खराब नाई कुळकर्णीबाबू. तिले खोडी हायेत. खराब असतं तं फेकून देता येते. खोडीवाल्यासंग नांदा लागते."

आणि ते नांदत होते, बाबा. छाननी करणाऱ्या दुसऱ्या यंत्राचा सात नंबरचा कप्पा अर्ध्याच्या वर भरला की पुढची कार्डं आठमध्ये पडत. म्हणून सात नंबर अर्धा झाला की खंडारे हातानं रिकामा करत, भले मध्येच चहा आलेला असो. जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन पहिली दोन-तीन कार्डं चावून टाकी. म्हणून सुट्टीनंतर आधी कोरी कार्डं. "तिले पयले खाली घास द्या, मंग जेवाले वाढा," असं ते नव्या माणसाला सांगत. मे महिन्यात अकोल्याच्या उन्हानं कार्डं पापडासारखी वाकत. खंडारे ती आदल्या दिवशीच दोन पाट्यांमध्ये दाबून, वर दगड ठेवून जात. पुण्याहून आलेल्या एका तपासनीसानं तो दगड पाहून विचारलं होतं, हे काय सरकारी साहित्य आहे का. खंडारे म्हणाले, "नाई साहेब, हा मोर्णेतला हाये. सरकारी मांगतला तं तीन वर्सं लागतीन."

सगळ्यात वाईट खोड वेगळीच होती. एक गाव संपलं, बेरीज छापून झाली आणि पुढचं गाव सुरू झालं, की मशीन त्या नव्या गावाचं पहिलं कार्ड दोनदा मोजी. आतला कुठलासा खटका क्षणभर अडकून राहायचा. म्हणजे प्रत्येक गावात एक माणूस जास्त. ना एका गावात दोन, ना कुठे चुकून बरोबर. नेमानं, दर गावामागे एक. खंडाऱ्यांनी त्यावर तोड काढली होती. मशीनच्या बाजूला एक भोकाभोकांची पाटी असायची. तिच्यावर तारा जशा खोचाल तसं मशीन वागायचं. खंडाऱ्यांनी अशा तारा खोचल्या की बेरीज छापायच्या आधी मशीननं स्वतःच दर गावामागे एक वजा करावा. एक जास्त मोजायचा, एक कमी करायचा, उत्तर बरोबर. वर्षानुवर्षं बरोबर.

मला ते पाहून हसू आलं होतं. म्हटलं, "खंडारे, हे म्हणजे दोन खोट्यांचं एक खरं झालं."

"खोटं कावून? मले म्हाईत हाये, तुमाले म्हाईत हाये, वहीत लिवलं हाये. लिवलं नसतं तं खोटं झालं असतं."

ती वही. पुठ्ठ्याची, लांबट, कोपरे तेलकट. आत तीन रकाने आखलेले: तारीख, खोड, उपाय. मशीनची एकूणएक खोड तिच्यात होती, खंडाऱ्यांच्या गोलगोल अक्षरात. त्यांचं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. भातकुलीच्या मजूर घरातला पोरगा, घराण्यातला पहिला सरकारी नोकर. नवीन माणूस कामावर आला की त्याला ते आधी वही वाचायला बसवत. मलाही बसवलं होतं, दोन दिवस. मी बी.ए. झालेलो, मनातून चिडलो होतो. ते म्हणाले, "मी आज हाओ, उद्या नाई. मशीन इथंच राईन. तुमाले तिच्याबद्दल कोन सांगन?"

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे, ती सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. खंडाऱ्यांच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. ऑफिसात उघड कुणी काही बोलत नसे. पण खंडारे माठावर गेले की हेडक्लार्क आपली तहान लांबवत. आणि खंडाऱ्यांच्या हातून काही चुकतं का, याची वाट पाहणारे दोघं-तिघं तरी होतेच. खंडाऱ्यांना ते माहीत होतं. ती गड्डी, ती वही, तो दगड, यांतलं थोडंफार त्यासाठीही होतं, असं मला आता वाटतं. त्यांना चुकण्याची सोय नव्हती. मला होती.

मग ते वर्ष आलं. सरकारनं ठरवलं, ज्या गावात शाळा नाही आणि शाळेच्या वयाची निदान चाळीस पोरं आहेत, तिथे एक शिक्षक द्यायचा, एका खोलीची शाळा सुरू करायची. पोरांची कार्डं आमच्याकडे आली. खोकीच्या खोकी. आम्ही मोजायचं, चाळीस आणि वरच्या गावांची यादी मुंबईला पाठवायची. त्याच सुमारास खंडाऱ्यांचं नाव सुपरवायझरच्या जागेसाठी वर गेलं होतं. कागद जवळजवळ झालेला होता, फक्त सही यायची होती.

नेमकी तेव्हा त्यांची आई आजारी पडली. ते आठ दिवस भातकुलीला गेले. जाताना मला म्हणाले, "कुळकर्णीबाबू, तुमी हायेत म्हणून जातो."

ते नसताना मेकॅनिक आला. दीड वर्षानं उगवला होता आणि गंमत म्हणजे या वेळी त्याच्या पेटीत नवा खटका होता. तासाभरात त्यानं जुना काढला, नवा बसवला. मशीन चालवून पाहिलं, आवाज ऐकला, खूश झाला. इंग्रजी पावती लिहिली. मी सही केली. वाचून केली, हेही सांगतो. एक भाग बदलला एवढं मला कळलं आणि बरं वाटलं. मग मी वही उघडली. तारीख, खोड, उपाय. खटका नवा आला ही काही खोड नव्हती आणि उपायही नव्हता. चांगली बातमी कुठल्या रकान्यात लिहायची? मी वही मिटली. पावती फायलीला लावली आणि घरी गेलो.

तारांच्या पाटीकडे माझं लक्षसुद्धा गेलं नाही. मशीन आता एकदाच मोजत होतं आणि पाटी नेमानं दर गावामागे एक वजा करत होती.

खंडारे परत आले ते सकाळच्या मोटारीनं, सरळ ऑफिसात. आई गेली होती. डोळे आत गेलेले, शर्ट दोन दिवसांचा. मी त्यांना जवळ बसवलं. तेच म्हणाले, "इकडं काही झालं?"

"मेकॅनिक येऊन गेला. मशीन छान चालते आता."

"काय केलं त्यानं?"

"साफसफाई केली, एक भाग बदलला. पावती फायलीत आहे."

त्यांनी फायलींच्या कपाटाकडे पाहिलं. उठलेही असते. पण तेवढ्यात साहेब आतून आले, हातात घड्याळ. यादी संध्याकाळच्या डाकेनं गेलीच पाहिजे, मुंबईहून दोन तारा आल्या, सगळे खंडाऱ्यांसाठी थांबलेत. खंडारे उभे राहिले. एकदा गड्डीच्या कपाटाकडे गेले, हात कडीला लागला, साहेब म्हणाले, "खंडारे, आज ते राहू द्या." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते राहू दिलं आणि सरळ मोजणी सुरू केली. माणूस दमलेला होता हो. आईला पोचवून आलेला माणूस किती भांडणार?

यादी गेली.

दुसऱ्या दिवसापासून मशीन बंदच होतं, कार्डांना भोकं पाडायचंच काम चाललं होतं. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजणी लागली, तेव्हा खंडाऱ्यांनी लाल दोरा सोडला. गड्डी लावली. मी शेजारीच होतो. कागद बाहेर आला. त्यांनी पाहिला, पुन्हा गड्डी लावली, पुन्हा पाहिला. गड्डीतल्या प्रत्येक गावात एक कमी. फायलीतून पावती काढली, उभ्यानंच वाचली, एकेका शब्दावर बोट ठेवून. खाली माझी सही होती.

"तुमी वाचली होती?"

"हो."

"वहीत कावून नाई लिवलं?"

मी सांगितलं. रकाना नव्हता म्हणून. सांगताना माझं मलाच ऐकवत नव्हतं. त्यांनी वही उघडून त्या तीन रकान्यांकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "खोड जाईन असं वाटलंच नवतं मले कदी." रागावले असते तर बरं झालं असतं.

मग खोकी काढली. ज्या गावांची बेरीज एकोणचाळीस छापली होती तेवढी बाजूला काढली. चार निघाली. चारी गावांची कार्डं त्यांनी हातानं मोजली, मी मोजली, पुन्हा त्यांनी मोजली. चाळीस, चाळीस, चाळीस, चाळीस. चार गावांच्या शाळा आमच्या त्या वजा केलेल्या एकात अडकल्या होत्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. दार लावून घेऊन म्हणाले, "खंडारे, यादी गेली आहे. एकोणचाळीस का चाळीस कोण बघायला जातं? पुढच्या वर्षी येतील ती गावं. तुमचा कागद वर आहे, आता कशाला?"

"साहेब, पोट्टे चाळीसच हायेत. मी मोजले."

"मी नाही कुठे म्हणतो? पण तुमचं नुकसान होईल."

"व्हईन," खंडारे म्हणाले. "पन त्यायले पुढच्या वर्सी थांबा म्हणाले मी कोन?"

पत्र मी लिहिलं. माझं इंग्रजी बरं म्हणून त्यांनीच सांगितलं. ते समोर बसून मराठीत सांगत आणि मी उतरवत होतो. अमुक गावांच्या संख्येत अमुक कारणानं एक कमी धरला गेला, नवी यादी सोबत. मग चूक कोणाकडून झाली ते वाक्य आलं. माझी लेखणी थांबली.

"लिवा," ते म्हणाले. "यंत्रचालकाकडून."

"पण खंडारे, पावतीवर सही माझी आहे. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"गड्डी कोन लावते?"

"तुम्ही."

"त्या दिवशी लावली होती?"

"नाही."

"मंग?"

त्यांनी माझ्यावर उपकार केला असं कुणी समजू नये. त्यांच्या मनात उपकार-बिपकार काही नव्हतं. ज्याच्या हातात मशीन त्याची जबाबदारी, इतका सरळ हिशेब होता त्यांचा. त्या हिशेबाप्रमाणे ते बरोबरही होते, अर्धे. उरलेला अर्धा माझा होता. मी आणखी एकदा "पण" म्हणायला पाहिजे होतं. एवढंच करायचं होतं. मला तेव्हा दोन मुलं होती, तिसरं वाटेवर, बायको अमरावतीला माहेरी. असलं सगळं त्या क्षणात डोक्यात येतं. मी दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं, यंत्रचालकाकडून.

नवी यादी मान्य झाली. तीन गावांना त्याच वर्षी शिक्षक मिळाला. चौथं गाव तिवशाच्या बाजूचं होतं. त्याच्या वाट्याचा शिक्षक तोवर दुसरीकडे दिला गेला होता, त्यांना वर्षभर थांबावं लागलं. खंडारे एका रविवारी त्या गावाला जाऊन आले. काय बोलले, कुणाशी बोलले, मला सांगितलं नाही. सोमवारी आले तेव्हा एवढंच म्हणाले, "चाळीसच नाई, बेचाळीस हायेत आता."

त्यांना मेमो मिळाला. हेडक्लार्कांनी तो वाचताना चष्मा पुसला आणि शेजारच्याला म्हणाले, "मी म्हणतच होतो, ही कामं यांची नव्हेत." मी तिथेच होतो. तेव्हा तरी बोलायचं. तीच चूक माझ्या नावावर असती तर ती कुळकर्ण्यांची एक चूक राहिली असती, आठ दिवसांत विसरली गेली असती. खंडाऱ्यांच्या नावावर गेली तेव्हा ती 'यांची' झाली. हे मला त्या वेळीही कळत होतं. मी पुढ्यातला कागद वाचत राहिलो.

सुपरवायझरचा कागद परत आला. त्यांचं नाव खोडलं होतं आणि दोन महिन्यांनी त्या जागेवर जे नाव आलं ते माझं होतं.

मला वाटलं होतं, ते बोलणं सोडतील. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला आले, माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, चार्ज घ्या." मी म्हटलं, "खंडारे, मला साहेब म्हणू नका." ते म्हणाले, "जागेले म्हणतो. जागा रिकामी नाई ना ठेवता येत." आणि वही पुढे केली. पट्टीनं चौथा रकाना आखलेला होता: केव्हा गेली. त्यातली पहिली नोंद त्यांनी लिहिली होती. तारांच्या पाटीतून तो वजा करणारा जोड त्यांनी आधीच काढला होता.

पुढे सात वर्षं त्यांनी माझ्या हाताखाली काम केलं. सात वर्षं रोज सकाळी "साहेब, ओळख पटली, सुरू करतो" म्हणत, आणि मी "हो" म्हणत असे. आवाजात टोमणा कधी नव्हता. मी पुष्कळदा कान देऊन ऐकला, सापडला नाही. सापडला असता तर भांडलो असतो, मोकळा झालो असतो. पुष्कळदा ठरवलं की मुंबईला एक ओळ लिहावी, मेमो मागे घ्यायला लावावा. आज लिहू, वर्षअखेर झाली की लिहू. मशीनच्या सगळ्या खोडी मला पाठ झाल्या होत्या तोवर. स्वतःच्या खोडीसोबतही माणूस नांदतोच की, वर्षानुवर्षं.

छातीत कळ येऊन ते गेले, नोकरीत असतानाच, सुट्टीवर भातकुलीला. पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या दिवशी मी गेलो. लहानसं घर, ओसरीत सतरंजी, गावची माणसं, पांढऱ्या कपड्यांत. मी दाराशी दिसताच त्यांच्या पत्नी उठल्या. मी त्यांना याआधी एकदाच पाहिलं होतं. त्यांनी मला आत नेलं, भिंतीशी चांगल्या जागी बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हे त्यायचे साहेब. अकोल्याहून आले. ते लय मानायचे यायले."

माणसं सरकून बसली. कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी प्यालो. मग माझ्यानं बसवेना. मी म्हटलं, "वहिनी, तसं नाही. साहेब ते होते. ती जागा त्यांची होती. चूक माझी होती, ती त्यांच्या नावावर लागली. मी लागू दिली."

शब्द न् शब्द असाच म्हटला, सगळ्यांच्या समोर. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. त्यांच्या शेजारचा एक म्हातारा हळूच मान हलवून दुसऱ्याला म्हणाला, "पाहा, किती मोठा माणूस हाये. आपल्या हाताखालच्या माणसाले केवढा मान देऊन रायला."

आणि सगळ्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं.